केतकी अधिक दादा

वरुडच्या पुरुषोत्तम आंड्यांची तक्रार केतकी वांढरेच्या पडद्यावर आली ती तिसऱ्या फेरीत. पहिल्या फेरीत यंत्राने त्यांना ‘बंद करून पुन्हा सुरू करा’ असा सल्ला दिला होता. दुसऱ्या फेरीत खालच्या मजल्यावरच्या एका पदवीधर माणसाने, पूर्ण विचार करून, तोच सल्ला दिला होता. आंड्यांनी दोन्ही वेळा बंद करून पुन्हा सुरू केलं आणि दोन्ही वेळा काहीही झालं नाही.

“गाढवं,” केतकी म्हणाली. ऐकायला कोणी नव्हतं. कोपऱ्यातली खोली तिने मुद्दाम मागून घेतली होती, ती यासाठीच.

नागपुरात वर्धा रोडला ‘अलिप्त सिस्टिम्स’ची इमारत होती आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर, खालच्या दोन मजल्यांना न सुटलेल्या तक्रारी यायच्या. केतकी चव्वेचाळीस वर्षांची. त्यातली एकोणीस वर्षं तिने लोकांच्या टपालातले बिघाड काढण्यात घालवली होती आणि त्यातून तिचं एक मत पक्कं झालं होतं: दहातल्या एका वेळी यंत्र चुकतं, उरलेल्या नऊ वेळा समोरचा माणूस मठ्ठ असतो.

तिने आंड्यांना फोन लावला.

“मॅडम, बाजार समितीचे संत्र्याचे भाव रोज सकाळी येतात जी,” आंडे म्हणाले. “त्यांच्यासाठी मी वेगळा कप्पा केला. पण कप्पा रिकामाच राहते अन् भाव सगळे तेरवीत जाऊन पडतात.”

“तेरवीत?”

“म्हणजे तेरवीचे निरोप, वाढदिवस, लग्नपत्रिका येतात ना, त्या ढिगात.”

“समितीला पत्ता कोणता दिलाय?”

“आंडे अधिक मंडी.”

“आणि नियम काय लिहिलाय? वाचा.”

“‘प्रति’मध्ये आंडे अधिक मंडी असेल तर मंडीच्या कप्प्यात टाक,” आंड्यांनी शाळेत उभं राहून वाचावं तसं वाचलं. “बरोबर आहे ना जी?”

नियम बरोबर होता, म्हणून ती जास्तच चिडली. बरोबर नियम लिहिणारा माणूस तिच्या हिशेबात बसत नव्हता.

ई-मेलमधली अधिक-पत्त्याची युक्ती तशी जुनी, तिच्या जन्माआधीची. आपल्या नावापुढे अधिकचं चिन्ह टाकायचं आणि त्यापुढे हवा तो शब्द. आंडे अधिक मंडी, आंडे अधिक बँक, आंडे अधिक जावई. पत्रं सगळी एकाच पेटीत येतात, पण शब्द पाहून ती वेगवेगळ्या कप्प्यांत टाकता येतात आणि आपला पत्ता कुणी कुणाला वाटला हेही कळतं. दहा वर्षांपूर्वी प्रत्येकाला आयुष्यभराचा एकच टपाल-पत्ता मिळाला, आणि मग ही युक्ती घरोघरी पोचली. लोक नात्यांना चिन्हं लावू लागले. युक्ती साधी असली तरी तिच्यात खोडी शंभर. काही अर्जांना अधिकचं चिन्ह पचत नाही, ते त्याची मोकळी जागा करून टाकतात. काही अर्ज अधिकपुढचं सगळं छाटतात. आणि घाऊक टपालात पाकिटावर तुमचा पत्ता असतो, पण आतल्या कागदावरचा मायना ‘समस्त व्यापारी बंधूंना’ असा असतो. नियम मायना वाचतो, पाकीट वाचत नाही. आंड्यांचं दुखणं हेच असणार, असं तिला फोनवरच कळलं होतं.

“तपासून दुपारपर्यंत सांगते,” ती म्हणाली आणि त्यांचं “उपकार झाले जी” पुरं व्हायच्या आत फोन ठेवला.

तपासायचं तर ‘चाळण’ बंद केलेलं खातं हवं होतं. चाळण म्हणजे कंपनीची खरी कमाई, आणि केतकीचा या कंपनीतला एकमेव अभिमान.

चाळणीमागचा शोध एका वाक्यात सांगता येण्यासारखा होता. राग, दुःख, आनंद, भीती, सगळे भाव माणसाच्या चेहऱ्यावर दोन्ही बाजूंना सारखे उमटतात. तुच्छता मात्र एकाच बाजूला उमटते. ओठाचा एक कोपरा किंचित वर ओढला जातो, सेकंदाच्या पाचव्या हिश्शापुरता, आणि ज्याचा ओठ वर जातो त्याला त्याचा पत्ताही नसतो. अलिप्तच्या संशोधकांनी चाळीस हजार माणसांचे पत्र वाचतानाचे चेहरे चष्म्यातल्या आणि पडद्यावरच्या कॅमेऱ्यांतून टिपले. कोणतं पत्र माणसाला पुन्हा नको असतं, हे त्यांना शोधायचं होतं. राग आलेला माणूस नंतर त्या पत्त्यावरची पत्रं शोधून शोधून वाचत होता. कंटाळलेला कधीतरी परत येत होता. एका बाजूने ओठ वर गेलेला माणूस मात्र कधीच परत येत नव्हता. तुच्छतेइतका विश्वासू गाळणीचा नियम दुसरा सापडला नाही.

म्हणून चाळण ओठावर चालायची. एका अधिक-पत्त्यावरच्या पत्रांना ओठ सलग सात वेळा वर गेला की तो पत्ता आपोआप ‘शांत कप्प्यात’ उतरायचा. पत्रं येत राहायची, दिसायची नाहीत. आणि पाठवणाऱ्याचा अपमान होऊ नये म्हणून ‘प्रतिलेखक’ नावाचं यंत्र मालकाच्या नावाने गोड उत्तरं लिहायचं. ग्राहकांनी चौदाव्या पानावर याला संमती दिलेली असायची. चौदावं पान वाचणारा ग्राहक केतकीला अजून भेटायचा होता.

कंपनीची तपासणीची खाती त्या दिवशी सगळी गुंतलेली होती. तिने स्वतःचंच खातं उघडलं आणि चाळण बंद केली. ‘शांत कप्प्यातील पत्रे मुख्य यादीत येतील. चालेल?’ पडद्याने विचारलं. चालेल, तिने दाबलं.

तेवीसशे सोळा पत्रं धबाधबा येऊन पडली. सोसायटीच्या गणपतीची वर्गणी, जुन्या वर्गमैत्रिणींचं स्नेहसंमेलन, कुणाची तरी योगसाधना. आणि सगळ्यांत वर, कालच आलेलं, केतकी अधिक दादा.

तिला आठवण करून द्यावी लागली नाही. दिवाकर, तिचा मोठा भाऊ, वणीला पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा. आई गेल्यावर तो दिवसातून तीनदा फोन करायचा, आणि करून बोलायचा काय, तर आज ऊन किती आहे. तीन वर्षांपूर्वी तिने त्याला सांगितलं होतं, “दादा, फोन नको. मेल कर, मी सवडीने उत्तर देईन,” आणि हा पत्ता दिला होता. नियमही तिने स्वतः लिहिला होता: दादाची पत्रं सर्वांत वर, तारा लावून. त्यानंतर सूर्यफुलांच्या चित्रांखाली ‘शुभ सकाळ’ यायला लागलं. पूर्णविराम नसलेली पत्रं यायला लागली. हळद-दुधाचे उपाय आले. हाताने लिहिलेल्या नियमाच्या वर ओठाचा थर बसतो, ही गोष्ट तिने शेकडो ग्राहकांना समजावली होती. चिडून, शब्द तोडून. स्वतःच्या खात्याचा विचार तिच्या मनातही आला नव्हता.

तपासणीसाठी कोणतं तरी पत्र उघडायचंच होतं. तिने ते उघडलं.

‘केतू डॉक्टर परत इचारत होते बहिणीची तपासनी झाली का मी सांगतलं झाली तिनं कळवलं हाय पन ते म्हनतात कागद दाखवा तर तुझ्या रिपोर्टचा फोटो धाड जमल तसं वैशालीनं तुझ्यासाठी पापड्या करून ठेवल्या आहे’

खाली चार मिनिटांत गेलेलं उत्तर होतं.

‘प्रिय दादा, तुझे पत्र वाचून खूप बरे वाटले. हो, तपासणी केव्हाच करून घेतली, तू अजिबात काळजी करू नकोस. वहिनींच्या पापड्यांची आतुरतेने वाट पाहते आहे. तुझीच केतू.’

केतकीने आयुष्यात कशाची आतुरतेने वाट पाहिली नव्हती. ती मागे मागे जात राहिली.

जानेवारीत दिवाकरच्या पोटात दुखत होतं. उत्तर: गरम पाणी पीत जा दादा. फेब्रुवारीत आतड्याचा कर्करोग निघाला. उत्तर: तू खंबीर आहेस, यातून नक्की बाहेर पडशील. मार्चमध्ये ऑपरेशन झालं, नागपूरलाच. अकरा दिवस तो तिच्या ऑफिसपासून सहा किलोमीटरवरच्या खाटेवर पडून होता. ‘येऊन जाशील का’, त्याने पाचव्या दिवशी विचारलं होतं. उत्तर: कामात अडकले आहे दादा, पण मनाने तुझ्याजवळच आहे.

आणि एप्रिलमधलं एक लांबलचक पत्र. डॉक्टरांनी सांगितलेलं त्याने कानाने ऐकलं तसं उतरवून काढलं होतं. शरीरातली पेशी दुप्पट होताना तिच्या सूत्रांची नक्कल होते. नकलेत चुका होतात. त्या चुका दुरुस्त करणारं एक जनुक असतं, ते त्याच्यात मुळातच बिघडलेलं होतं. आईकडून आलेलं असणार. आई बावन्नाव्या वर्षी पोटाच्याच दुखण्याने गेली. सख्ख्या भावंडात ते असण्याची शक्यता निम्मी. असलं तर दर वर्षी आतून दुर्बिणीने बघायचं, गाठ कोवळी असतानाच काढून टाकायची, म्हणजे जीव वाचतो. ‘केतू तू हे पह्यलं कर बाकी सगळं मंग’, त्याने लिहिलं होतं. उत्तर तीन मिनिटांत: नक्की करते दादा, तू सांगितलंस आणि मी केलं नाही असं कधी झालंय का?

असं नेहमीच झालं होतं. यावर हसावं की खोली फोडावी हे केतकीला कळेना. तिने दोन्ही केलं नाही. तिने आंड्यांच्या नियमात ‘प्रति’च्या जागी ‘पाकिटावरचा पत्ता’ घातला, बिघाड निघाल्याची नोंद केली आणि जिना उतरून विहान देवतळेच्या केबिनमध्ये गेली.

विहान एकतीस वर्षांचा, चाळण विभागाचा प्रमुख. त्याच्या टेबलावर एक छोटं रोप होतं आणि त्याच्याशी तो रोज बोलतो अशी माहिती त्याने स्वतः सगळ्यांना दिली होती.

“प्रतिलेखक खोटं बोलतोय,” केतकी उभ्यानेच म्हणाली. “वैद्यकीय तपासणी झाल्याचं त्याने परस्पर कळवलं. नुसतं ‘बघते’ नाही. ‘केव्हाच करून घेतली’.”

“मॅम, तो वस्तुस्थिती सांगत नाही. तो दिलासा देतो,” विहान म्हणाला. “समोरच्याला जे ऐकल्यावर शांत वाटेल ते. पत्र पाठवणाऱ्यांपैकी सत्त्याण्णव टक्के लोक उत्तरांवर खूश आहेत.”

“ज्यांना उत्तर आलंच नाही ते?”

“उत्तर सगळ्यांना येतं.”

“उत्तर यंत्राकडून येतं. माझ्या भावाचा आजार आनुवंशिक आहे. ते पत्र माझ्यापर्यंत पोचायला हवं होतं.”

विहानने तिच्या खात्याचा आलेख मागवला. केतकी अधिक दादा. सात पत्रं, सात वेळा ओठ. रेष एखाद्या जिन्यासारखी वर गेलेली.

“बिघाड कुठाय?” त्याने विचारलं. “चाळणीने तुम्हाला अगदी बरोबर ओळखलं. तुम्हीच नेहमी म्हणता ना, नऊ वेळा माणूस चुकतो म्हणून?”

हे म्हणताना त्याच्या ओठाचा डावा कोपरा वर गेला. सेकंदाच्या पाचव्या हिश्शापुरता. केतकीने हजारो चित्रफितींत तो पाहिला होता. स्वतःकडे रोखलेला पहिल्यांदाच पाहिला. या पोरसवद्या, रोपाशी बोलणाऱ्या मूर्खाच्या लेखी ती एक तक्रार होती, तिसऱ्या फेरीतली.

“माझी लेखी नोंद करून घे,” ती म्हणाली.

“करतो ना. नक्की बघतो,” विहान म्हणाला.

शनिवारी सकाळच्या बसने ती वणीला गेली. रस्ताभर तिने मनात वाक्यं जुळवली आणि वरोऱ्यापर्यंत सगळी मोडीत काढली. काय सांगणार होती ती? माझ्या ओठाने तुला काढून टाकलं?

दार वैशालीवहिनींनी उघडलं. त्यांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि पाणी आणून दिलं.

“ते झोपले आहेत. बसा,” त्या म्हणाल्या, आणि समोर सुपात मुगाच्या शेंगा घेऊन सोलायला बसल्या.

“वहिनी, ती पत्रं...” केतकीने सुरुवात केली.

“तुम्ही लिहिली नाहीत. माहीत आहे मला,” वहिनी मान वर न करता म्हणाल्या. “चार मिनिटांत उत्तर यायचं, केतकीताई. या घरात तुम्ही चार मिनिटं सलग बसल्याचं मला आठवत नाही. अन् ‘वहिनींच्या पापड्या’! माझ्या पापड्या तुम्ही एकदा नाकाला लावून परत ठेवल्या होत्या. सगळ्यांच्या समोर.”

“मग दादाला सांगितलं का नाहीत?”

“काय सांगू?” आता त्यांनी वर पाहिलं. “ऑपरेशनच्या वार्डात सगळ्यांना वाचून दाखवायचे ते. नर्सबाईला, बाजूच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला. ‘पाहा, आमची केतू, एवढी मोठी इंजिनीअर, पण भावाला पाच मिनिटं थांबवत नाही.’ त्या कागदाच्या फुलांवर माणूस उठून बसला. मी काय म्हणून ती फुलं ओढून घेऊ? तुमच्यासाठी?”

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. केतकीने राग शोधून पाहिला, तो असता तर बरं झालं असतं. ओठाचा एक कोपरा तेवढा वर गेला होता, आणि वहिनींना तो लपवायचाही नव्हता.

“तपासणी तरी केलीत का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“वा,” वहिनी म्हणाल्या आणि शेंगांचं सूप घेऊन आत गेल्या.

दिवाकर उठून आला तो भिंतीला धरत. निम्मा झाला होता. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता.

“केतू!” तो ओरडला. “अवं वैशाली, काही खायला दे तिले. रिपोर्ट आणला का? फोटो धाड म्हनलं तर सोताच घेऊन आली, पाह्य. मी डॉक्टरले सांगतलं, आमची केतू शब्दाची पक्की हाय.”

गप्प बसणं सोपं होतं. गुपचूप तपासणी करून कागद पाठवला असता, तर मागचं सगळं खरं ठरलं असतं. प्रतिलेखकाने हेच केलं असतं. बहुधा त्यामुळेच तिला ते करवेना. यंत्राचा तो मधाळ खोटेपणा आपल्या तोंडातून निघणार या कल्पनेचीच तिला किळस आली.

“दादा, ती उत्तरं मी लिहिली नाहीत,” ती म्हणाली. “एकही नाही. आमच्या कंपनीचं एक यंत्र आहे, ते लिहितं. तुझी पत्रं माझ्यापर्यंत आलीच नाहीत. तुझं ऑपरेशन झालेलं मला मंगळवारी कळलं.”

दिवाकर हसत होता तो तसाच राहिला.

“यंत्र बिघडलं होतं म्हन की.”

हो म्हटलं असतं तर तो मोकळा झाला असता. तीही झाली असती.

“बिघडलं नव्हतं. मला तुझी पत्रं आली की... मला ती फालतू वाटायची. यंत्राला ते माझ्या तोंडावर दिसलं. म्हणून त्याने ती बाजूला टाकली.”

बाहेर कुणीतरी पंपाची मोटार घेऊन आलं होतं, दुकान उघडं आहे का विचारत होतं.

“एकशेचाळीस झाले असतीन,” दिवाकर शेवटी म्हणाला. “लिहायले मले वेळ लागते. एकेका पत्राले तास जाते. अक्षरं सापडत नाही ना लवकर.” त्याने हात पाहिले, तांब्याच्या तारेने चिरे पडलेले. “मंग वाचलं कोनं?”

“कोणीच नाही.”

तो हळूहळू उठला. आत जाताना दारात थांबला, वळला मात्र नाही.

“तपासनी कर. तेवढं तरी सोता कर.”

वहिनींनी जेवायला थांबवलं नाही.

तिने तपासणी केली. सोमवारी रक्त दिलं, अकरा दिवसांनी अहवाल आला. बिघडलेलं जनुक तिच्यातही होतं. पुढच्या आठवड्यात दुर्बिणीने पाहिलं तर दोन गाठी निघाल्या, त्यातली एक हरभऱ्याएवढी. डॉक्टरीणबाईंनी त्या तिथेच काढल्या आणि आठ दिवसांनी प्रयोगशाळेचा कागद समोर ठेवला.

“मोठी जी होती ना, ती वर्षभरात बिनसली असती,” त्या म्हणाल्या. “आता भीती नाही. पण दर वर्षी यायचं, चुकवायचं नाही. कुणी पाठवलं तुम्हाला?”

“भावाने,” केतकी म्हणाली.

त्याच दुपारी तिने दिवाकरला पत्र लिहिलं. तास गेला. गाठींचं लिहिलं, हरभऱ्याचं लिहिलं, अहवालाचा फोटो जोडला. माफीची तीन वाक्यं लिहून खोडली. तिन्ही प्रतिलेखकाने लिहिल्यासारखी वाटत होती. ‘तू सांगितलं नसतंस तर मी मेले असते’, एवढंच शेवटी ठेवलं. पाठवलं.

उत्तर तीन मिनिटांत आलं.

‘प्रिय केतू, तुझे पत्र मिळाले, वाचून मन भरून आले. तुझी तब्येत सुधारते आहे याचा अत्यंत आनंद वाटतो. असेच पत्र लिहीत राहा. सस्नेह, दिवाकर.’

दिवाकरला पूर्णविराम माहीत नव्हता. ‘सस्नेह’ तर त्याला लिहिताच आलं नसतं.

मग तिने तेच केलं जे ती एकोणीस वर्षं कुणाच्याही बाबतीत करत आली होती. परवानगी न विचारता दिवाकरचं खातं उघडलं. चाळण तीन आठवड्यांपूर्वी घेतली होती, ती वणीहून परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी. तिने ओठाच्या नोंदी पाहिल्या. तीन आठवडे ज्या फोनवर तो तिची जुनी उत्तरं उघडून पाहत होता, त्याच्या कॅमेऱ्याने त्याचा चेहरा टिपला होता. तिच्या नावापुढे शून्य होतं. त्याचा ओठ तिच्यासाठी एकदाही वर गेला नव्हता.

नियम होता तो हाताने लिहिलेला. दिवाकर अधिक केतू, शांत कप्पा, प्रतिलेखक चालू. दोनदा चुकवून तिसऱ्यांदा बरोबर लिहिला होता. पहिल्यांदा अधिकच्या जागी मोकळी जागा पडली होती, दुसऱ्यांदा ‘केतू’चा उकार ऱ्हस्व. महिन्यापूर्वी असला नियम समोर आला असता तर तिने खालच्या मजल्याला वाचून दाखवला असता. आता तिला दिसला तो माणूस, चिरे पडलेल्या बोटांनी एकेक अक्षर शोधणारा, बहिणीला बंद करण्यासाठी तिसऱ्यांदा बसलेला.

नियम पुसायला एक बोट पुरलं असतं. कुणाला कळलं नसतं. उद्याचं पत्र थेट त्याच्यासमोर उघडलं असतं. तिने खातं बंद केलं. मग विहानला चार ओळींचा राजीनामा लिहिला. चाळणीतल्या खोट्या उत्तरांची लेखी तक्रार ग्राहक मंचाकडे करत आहे, हेही त्यात घातलं. विहानचं उत्तर दोन मिनिटांत आलं. ते तिने उघडलं नाही.

शनिवारी ती पुन्हा वणीच्या बसमध्ये बसली. या वेळी वाक्यं जुळवली नाहीत.

घराचं दार बंद होतं, दुकानाचं उघडं. दिवाकर बाकड्यावर बसून एका जळक्या मोटारीचं पोट मोकळं करत होता. काळवंडलेल्या तारांचा गुंता बाजूला पडला होता. नव्या तांब्याचं रीळ खुंटीवर होतं. त्याने तिला पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

ती उंबऱ्याशी उभी राहिली. ऊन पाठीवर येत होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आतून वहिनी एकदा डोकावल्या आणि परत गेल्या. एक गिऱ्हाईक येऊन चौकशी करून गेलं. दिवाकरने त्याला बुधवारी ये म्हणून सांगितलं, तिला काही सांगितलं नाही.

केतकी बसली नाही, गेलीही नाही. घड्याळ बघायची तिची सवय होती, तीही तिने दाबून धरली.

दिवाकर रिळावरून तार ओढायला उठला. एका हाताने रीळ आवरेना, टाके घातलेल्या पोटावर दुसरा हात गेला. तार सैल पडून जमिनीवर वेटोळी झाली. तो वाकून गोळा करू लागला आणि मध्येच थांबून दम खाऊ लागला.

मग त्याने तिच्याकडे न बघता तारेचं टोक पुढे केलं.

“धर.”

तिने धरलं.

“ताणून धर,” दिवाकर म्हणाला. “सैल पडली की पुरी मोटार जळते.”

तिने पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी तार घट्ट धरली.